सोनोग्राफी तीच, पण बघण्याची वाट निराळी



सातारा जिल्ह्यातून एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. पहिलटकरीण आहे, एकविसावा आठवडा चालू आहे. विसाव्या आठवड्यात तालुक्याच्या गावी सोनोग्राफी झाली. हात, पाय, हृदय, मूत्रपिंडं, सारं ठीक. पण मेंदूच्या रकान्यात एक आकडा लिहिला आहे, १०.६ मिलिमीटर, आणि पुढे शेरा, "मेंदूची सविस्तर तपासणी करावी." डॉक्टरीणबाईंनी पुण्याला जाऊन "आतून" सोनोग्राफी करून घ्यायला सांगितलंय आणि गरज पडली तर एमआरआय. सासूबाई म्हणतात, "एकदा फोटो निघाला ना? तोच पुन्हा काढायला पैसे काय झाडाला लागलेत?" शेजारच्या वहिनींनी तर सांगून टाकलं की आतून तपासलं की गर्भ पडतो. नवरा बिचारा तिघींच्या मध्ये. आणि ती विचारते, "ताई, सोनोग्राफी म्हणजे सोनोग्राफीच ना? एकीत जे दिसलं नाही ते दुसरीत कसं दिसणार?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मी काही डॉक्टर नव्हे, बी. ए. झालेली, घर सांभाळून सकाळी चार तास शाळेत शिकवणारी बाई. पण हे पत्र वाचून स्वस्थ बसवेना. वाचलं, जाणकारांना विचारलं, आणि जे नीट उमगलं तेवढंच इथे मांडते आहे. औषधोपचार अर्थातच तुमच्या डॉक्टरांनी सांगावेत.

आधी हे यंत्र करतं काय ते पाहू. सोनोग्राफीत एक्स-रे नसतात, असतो तो आवाज. आपल्या कानांना सेकंदाला फार तर वीस हजार कंपनांचा आवाज ऐकू येतो. पोटावर फिरवतात त्या प्रोबमधून निघणारा आवाज साधारण वीस ते पन्नास लाख कंपनांचा असतो. तो आत जातो, वाटेत जे जे भेटेल त्यावर आपटून परत येतो आणि त्या प्रतिध्वनींवरून यंत्र चित्र रेखतं. ही कल्पना मुळात कारखान्यातली. लोखंडात आत चीर आहे का हे अशाच आवाजाने तपासत. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड १९५५ साली स्त्रियांच्या पोटातून काढलेल्या गाठी गाडीत घालून बॉयलरच्या कारखान्यात घेऊन गेले आणि तिथल्या यंत्राखाली धरून पाहिल्या. तुलनेला म्हणून मांसाचा एक तुकडाही नेला होता. टॉम ब्राऊन या तरुण इंजिनियरच्या आणि डॉ. मॅकव्हिकार यांच्या साथीने त्यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला आणि तिथून प्रसूतिशास्त्रात हे यंत्र आलं.

आता खरी मेख. गणपतीच्या मिरवणुकीतला ढोल तीन गल्ल्या पलीकडून ऐकू येतो, पण त्याच मिरवणुकीतली टाळांची किणकिण मिरवणूक दारात आल्याशिवाय कळत नाही. बारीक आवाज लांब जात नाही. सोनोग्राफीचंही तसंच आहे. कंपनं जितकी जास्त तितकं चित्र रेखीव, पण तितकी त्याची धाव कमी. पोटावरून तपासताना आवाजाला त्वचा, चरबी, स्नायू, गर्भाशयाची भिंत, गर्भजल एवढं सगळं ओलांडून बाळाच्या डोक्यापर्यंत पोचायचं असतं. म्हणून ढोलाचा जाडा आवाज वापरावा लागतो आणि चित्रही तसंच जाडंभरडं येतं. आई अंगाने जाड असली, आधीच्या सिझेरियनचा व्रण असला किंवा पाणी कमी असलं, तर आणखीच धूसर.

त्यातून मेंदू बसलेला कवटीत. हाड आवाजाला आत सहज जाऊ देत नाही. पोटावरून बघताना आवाज बहुधा बाळाच्या कानशिलाच्या बाजूने शिरतो, आणि प्रोबच्या जवळचा अर्धा मेंदू हाडावरच्या प्रतिध्वनींच्या धुक्यात हरवतो. स्वच्छ दिसतो तो पलीकडचा अर्धा. नेहमीच्या तपासणीत दुसरी बाजूही तशीच असेल असं धरून चालतात, आणि बहुतेक वेळा ती तशी असतेही.

या नेहमीच्या तपासणीत डोक्याचे तीन आडवे काप पाहतात, काकडीच्या चकत्या कराव्यात तसे. वरच्या चकतीत मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या, मधल्या चकतीत डोक्याची रुंदी आणि घेर, खालच्या चकतीत मागचा लहान मेंदू. लहान मेंदूची एक गंमत आहे. पाचव्या महिन्याच्या सुमाराला त्याची रुंदी जितके मिलिमीटर, साधारण तितकेच आठवडे भरलेले असतात. पाण्याच्या पोकळीची रुंदी दहा मिलिमीटरच्या आत असावी लागते. विशेष म्हणजे पाचव्या महिन्यापासून शेवटपर्यंत ही मर्यादा दहाच. डोकं वाढतं, आकडा वाढत नाही. आपल्या भगिनीचा आकडा १०.६ आहे तो याच पोकळीचा.

या तीन चकत्या क्षुल्लक समजू नका. तपासणाऱ्याचा हात आणि डोळा तयार असेल तर पुष्कळ मोठे दोष त्यांतच सापडतात. लंडनमध्ये १९८६ साली डॉ. निकोलाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पाठीच्या कण्यात फट असलेल्या बाळाच्या डोक्यावर दोन खुणा उमटतात. कवटी कपाळाकडे दोन्ही बाजूंनी चेपून लिंबासारखी होते आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकतो. (लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबू नव्हे बरं का, ते गोल असतं. त्यांचा विलायती लेमन टोकदार असतो, तसा.) पाठीतली बारीक फट नजरेतून सुटेल, पण लिंबू आणि केळं दिसलं की डॉक्टर पाठीकडे पुन्हा वळून पाहतात. स्वयंपाकघरातल्या दोन फळांनी केवढं काम केलं!

पण चकत्यांना मर्यादा आहे. काकडी उभी चिरल्याशिवाय तिच्या मधला बियांचा पट्टा सलग दिसत नाही. मेंदूच्या उजव्या-डाव्या अर्धांना जोडणारा एक पट्टा असतो, कॉर्पस कॅलोसम. पुढून मागे कमानीसारखा जातो. आडव्या चकत्यांत तो पूर्ण दिसतच नाही. त्याच्या शेजारची एक छोटी चौकोनी पोकळी दिसली नाही, किंवा पाण्याच्या पोकळ्या मागे फुगलेल्या दिसल्या, की तो पट्टा नसावा अशी शंका येते. शंकाच ती. खात्रीसाठी उभा काप हवा, आणि उभा काप घ्यायला आवाज टाळूतून आत जायला हवा.

टाळू! आपल्या आज्या बाळंतिणीच्या खोलीत बाळाची टाळू तेलाने भरत आल्या, तीच ही मऊ जागा. कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, तिथे झाकण नसलेली खिडकीच असते. बाळ डोक्याकडून खाली आलेलं असेल तर ही खिडकी योनिमार्गाच्या अगदी समोर येते. म्हणून आतून सोनोग्राफी. आता प्रोब आणि बाळाचं डोकं यांत अंतर थोडंच उरतं, त्यामुळे टाळेची किणकिण वापरता येते, म्हणजे पन्नास ते नव्वद लाख कंपनं. वाट हाडाची नाही, टाळूची. मेंदूचे दोन्ही अर्ध एकाच वेळी, समोरासमोर दिसतात आणि मधला पट्टा कमानीसकट दिसतो. डॉ. टिमोर-ट्रिच आणि डॉ. मॉन्टेआगुडो यांनी १९९०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ही वाट रुळवली. आयसुऑग नावाची या शास्त्रातली आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिने २००७ साली नेहमीची तपासणी आणि मेंदूची सविस्तर तपासणी अशा दोन वेगळ्या पायऱ्याच लिहून दिल्या आणि २०२० व २०२१ साली त्या सुधारल्या. या दुसऱ्या पायरीला न्यूरोसोनोग्राफी म्हणतात. सासूबाईंना सांगायचं ते हेच. तो फोटो पुन्हा काढायचा नाहीये, घर तेच पण दुसऱ्या दारातून आत जायचंय.

ही तपासणी सगळ्यांना लागत नाही, हेही सांगून ठेवते. नेहमीच्या तपासणीत शंका आली, घरात आधी असा दोष असलेलं मूल झालं, गर्भारपणात काही विशिष्ट संसर्ग झाला, तर ती सांगतात. २०२४ साली पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले, त्यांत गरोदर बायकाही होत्या. तेव्हा अशा आयांच्या बाळांच्या वाढीवर लक्ष ठेवायची सूचना केंद्र सरकारने दिली होती, कारण त्या विषाणूमुळे बाळाचं डोकं लहान राहू शकतं.

गर्भ पडण्याच्या भीतीबद्दल. प्रोब जाडसर अंगठ्याएवढा असतो आणि योनिमार्गातच राहतो, गर्भाशयाच्या तोंडातून आत जात नाही. त्यावर दर वेळी नवं आवरण चढवतात. त्याने गर्भ पडत नाही. रक्तस्राव होत असेल किंवा पाणी जात असेल तर मात्र आधी सांगा, म्हणजे कसं तपासायचं ते डॉक्टर ठरवतील. जायच्या आधी लघवीला जाऊन यायचं. तिसऱ्या महिन्यात पोट फुगेपर्यंत पाणी प्यायला लावतात तसं इथे काही नाही. खाऊन जा, उपाशी राहू नका. खोलीत बाईमाणूस हवं असेल तर निःसंकोच मागा, तो तुमचा हक्क आहे. बाळ पायाळू असलं तर डोकं वर असतं, मग डॉक्टर पोटाच्या वरच्या भागातून टाळू गाठायला बघतात. आडवं असलं तर थोडं चालून यायला सांगतात. एका फेरीत काम झालं नाही म्हणून रुसू नका, बाळ कुणाच्या सांगण्यावरून वळत नसतं.

आता थ्री-डी. पुष्कळ जणींना वाटतं, थ्री-डी म्हणजे सगळ्यांत वरची तपासणी, पैसे जास्त म्हणजे निदान पक्कं. तसं नाही. बाळाचा गोंडस चेहरा दिसणारा जो सोनेरी फोटो आपण सगळ्यांना दाखवतो, त्यातून मेंदूबद्दल काहीही कळत नाही. तो वरचा वर्ख आहे. मेंदूसाठी थ्री-डीचा उपयोग निराळाच. साध्या सोनोग्राफीत एकेक चकती मिळते. थ्री-डीत वडीचं अख्खं थापलेलं ताट यंत्रात साठवता येतं आणि बाई घरी गेल्यावरही डॉक्टर त्यातून हवी तशी, उभी, आडवी, तिरकी वडी कापून बघू शकतात. दूरच्या तज्ज्ञाला तेच ताट पाठवताही येतं. बाळ नीट वळत नसेल तेव्हा याचा फार आधार होतो. पण मूळ थापणंच ओबडधोबड झालं असेल तर वड्या कुठून सुबक निघणार? पोटावरून घेतलेल्या धूसर ताटातून कापलेली उभी वडी, टाळूतून सरळ घेतलेल्या उभ्या कापाइतकी रेखीव येत नाही. तेव्हा तपासणी ठरवताना "थ्री-डी आहे का?" एवढंच विचारू नका, "मेंदूची सविस्तर तपासणी नेहमी करणारे डॉक्टर आहेत का?" हे विचारा. मशीनपेक्षा हात मोठा.

रंगीत डॉप्लरही असतं, ते रक्तप्रवाह दाखवतं. त्या मधल्या पट्ट्यालगतची रक्तवाहिनी त्यात ओळखता येते, आणि आर-एच निगेटिव्ह आईच्या बाळाला पंडुरोग झाला आहे का हेही मेंदूतल्या रक्ताच्या वेगावरून कळतं. पहिल्या तीन महिन्यांत मात्र ते उगाच वापरू नये असा संकेत आहे, कारण त्यात आवाजाची शक्ती जास्त लागते.

आणि एमआरआय. यात आवाज नाही, एक्स-रेही नाहीत, मोठा चुंबक असतो. हाड, चरबी, कमी पाणी, कशाचाच अडथळा त्याला फारसा होत नाही. मेंदूच्या पृष्ठावरच्या वळ्या, जुना रक्तस्राव, लहान मेंदूचा भाग हे त्यात छान दिसतं. उलट चुन्याचे बारीक साठे, छोट्या गाठी आणि रक्तप्रवाह पाहायला सोनोग्राफी बरी. ब्रिटनमधल्या 'मेरिडियन' नावाच्या अभ्यासात सोनोग्राफीत मेंदूचा दोष दिसलेल्या ५७० गर्भांचा हिशेब मांडला होता, तो २०१७ साली छापून आला. नुसत्या सोनोग्राफीचं निदान शंभरात ६८ वेळा बरोबर ठरलं, एमआरआय जोडल्यावर ९३ वेळा. हा आकडा ऐकून एमआरआयकडेच धावावंसं वाटेल. पण सोनोग्राफीतल्या तज्ज्ञांनी लगेच आक्षेप घेतला की तुम्ही तुलना केलीत ती टाळूतून केलेल्या सविस्तर तपासणीशी नव्हे. मला त्यांचं म्हणणं पटतं. आधी न्यूरोसोनोग्राफी आणि त्यातून प्रश्न उरला तर एमआरआय, हा क्रम खिशालाही परवडणारा आहे. आपल्या भगिनीच्या डॉक्टरीणबाईंनी नेमका हाच क्रम सांगितलाय.

एमआरआयला जाताना धातूचं सगळं उतरवावं लागतं. बांगड्या, जोडवी, पिना, मंगळसूत्रसुद्धा. गरोदरपणी मंगळसूत्र काढायला घरी कुणी नको म्हटलं तर दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात बांधावं, आपल्याकडे ही रीत आहेच. हळकुंडाला चुंबक ओढत नाही.

आता तिच्या आकड्याकडे येऊ. १०.६ वाचून तिची झोप उडाली आहे. दहा ते बारा मिलिमीटर म्हणजे पोकळी किंचित रुंद. काप जरा तिरका घेतला गेला तरी आकडा दहाच्या पुढे सरकतो, म्हणून पहिलं काम पुन्हा नीट मोजणं. खरोखरच रुंद असेल आणि बाकी मेंदू, बाकी अवयव व संसर्गाच्या तपासण्या ठीक असतील, तर शंभरांत नव्वदहून अधिक मुलं चांगली वाढतात. सगळं अडतं ते "बाकी ठीक असेल तर" या शब्दांशी. आणि बाकी ठीक आहे की नाही हे तीन चकत्यांत पुरतं कळत नाही, म्हणून पुण्याचा फेरा. पंधराच्या पुढचा आकडा असता तर गोष्ट निराळी होती.

अशीच एक घाबरवणारी नोंद रिपोर्टात पुष्कळदा येते, कोरॉइड प्लेक्सस सिस्ट. शंभरांत एक-दोन बाळांत ती दिसते. दुसरं काहीच वावगं नसेल तर तिचा मेंदूच्या वाढीशी संबंध नसतो आणि बहुतेक वेळा सातव्या महिन्यापर्यंत ती आपोआप जाते. "मेंदूत गाठ" असं तिचं मराठी करून कुणी घरभर रडारड करू नये.

मात्र पुण्याला जायचं ते आठवड्याच्या आत, "पुढच्या पगाराला बघू" नको. यामागे कायद्याचंही कारण आहे, ते माहीत असायला हवं. २०२१ साली गर्भपाताचा कायदा सुधारला. बाळात गंभीर दोष असेल तर चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने निर्णय घेता येतो, त्यापुढे राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती त्यासाठी पुरते, नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. आपल्या भगिनीवर असा प्रसंग येईल असं मला मुळीच वाटत नाही. पण शंका आली आणि एकविसाव्याऐवजी पंचविसाव्या आठवड्यात तपासणी झाली, तर ठरवायला वेळच उरत नाही, आणि वेळ नसताना घेतलेला निर्णय, कुठलाही असो, बाईलाच जन्मभर वागवावा लागतो. म्हणून पाचव्या महिन्याची सोनोग्राफी अठरा ते बावीस आठवड्यांत करावी, डोहाळजेवणानंतर नको.

दवाखान्यात एक फॉर्म भरून घेतील, बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं लिहून सही घेतील. तो १९९४च्या कायद्याचा भाग आहे. आपल्या महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी, १९८८ साली, देशात पहिल्यांदा असा कायदा केला. ज्या यंत्राने बाळाचा मेंदू वाचवायचा त्याच यंत्राने मुली मारल्या गेल्या, म्हणून हे करावं लागलं. तेव्हा डॉक्टरांना आडून आडूनही विचारू नका आणि सोबत आलेल्या मावशींनाही विचारू देऊ नका.

आणखी एक. विसाव्या आठवड्यात बाळाचा मेंदू सोललेल्या बदामासारखा गुळगुळीत असतो. त्याला अक्रोडासारख्या वळ्या पुढच्या महिन्यांत पडतात. वळ्यांमधले दोष विसाव्या आठवड्यात कुठल्याही वाटेने गेलं तरी दिसणार नाहीत. म्हणून डॉक्टरांनी आठव्या महिन्याच्या आसपास पुन्हा बोलावलं तर "तेव्हा तर सगळं चांगलं म्हणाला होतात" असं म्हणू नये. तेव्हा खरंच चांगलं होतं. जाताना जुने सगळे रिपोर्ट, फिल्मसकट, पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचासुद्धा, बरोबर न्या. आठवडे त्यावरून मोजतात, आणि आठवडे चुकले तर सगळेच आकडे चुकतात.

आता दुसऱ्या एका पत्राचं उत्तर थोडक्यात. नाशिकच्या भगिनी विचारतात, फोलिक ॲसिडची गोळी कितव्या महिन्यापासून घ्यायची? गरोदर राहण्याच्या आधीपासून. मेंदू आणि मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात येतं तोवर ते काम संपलेलं असतं. मूल हवं असं ठरलं की रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी आणि तिसरा महिना संपेपर्यंत घ्यावी. आधीच्या बाळाला असा दोष होता त्यांना मोठा डोस लागतो, ४ मिलिग्रॅमचा. तेवढ्या डोसाने दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं, असं ब्रिटनमधल्या १९९१च्या अभ्यासात आढळलं. तो डोस डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचा. पालेभाज्या आणि डाळी खा, पण त्यांच्या भरवशावर गोळी टाळू नका.